महादेवची हाक

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचत आलो आहे. वाचतो म्हणजे, खरं सांगायचं तर चुका शोधत वाचतो. कुठे वारा असेल, कुठे मांजर असेल, कुठे सांगणाऱ्याला ताप असेल... काहीतरी सापडतंच. मी बीडमध्ये एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. दिवसभर पुस्तकांत बसणारा, कमी बोलणारा माणूस. आमच्या घरात देव्हारा आहे, पण तो आईचा. मी दिवा लावतो तो आईच्या गुडघ्यांना आता खाली बसवत नाही म्हणून. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते कुणी पटवून घ्यावं असा माझा आग्रह नाही. मलाच ते पुरतं पटलेलं नाही. पण ते झालं, आणि झालं तेव्हा लख्ख दुपार होती.

आधी महादेवबद्दल सांगावं लागेल.

महादेव माझा कॉलेजपासूनचा मित्र. धनगराचं घर, बालाघाटच्या डोंगरकडेला गाव, आणि घरातला पहिला शिकलेला माणूस. पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झाला, पण सुट्टी लागली की पँट-शर्ट खुंटीला आणि हा घोंगडं घेऊन मेंढरांमागे. आम्ही चौघं होतो. मी, महादेव, टायरचं दुकान चालवणारा रफिक आणि शेती बघणारा बंडू. तिघं बोलायचे आणि मी ऐकायचो, अशी आमची वाटणी होती. महादेव गेला तो शाळेतच. वर्गात जाता जाता छातीत कळ आली, भिंतीला टेकला, आणि संपलं. पुढचे मागचे पाऊणशे विचार मी केले आहेत, ते इथे लिहीत नाही.

एकच गोष्ट लिहितो, कारण सगळं तिच्यापाशीच येऊन थांबतं. तो गेल्यावर काही महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की मला त्याचा आवाज आठवेनासा झाला आहे. चेहरा आठवतो, चालणं आठवतं, हसताना पुढच्या दातांमधली फट दिसायची ती आठवते. पण आवाज नाही. त्याची वाक्यं मनात म्हणून बघायचो, तर ती माझ्याच आवाजात यायची. फोनमध्ये शोधलं. फोटो ढीगभर, रेकॉर्डिंग एकही नाही. रफिककडे नाही, बंडूकडे नाही. त्याच्या बायकोला विचारायचं धाडस झालं नाही. माणूस जातो हे मी समजू शकत होतो. पण तो असा हप्त्याहप्त्यानं जातो आणि आपण नुसतं बघत राहतो, हे मला सहन होत नव्हतं.

आता त्याच्या हाकेबद्दल. प्रत्येक मेंढपाळाची कळपाला बोलावण्याची हाक वेगळी असते, आणि कळप त्या एकाच हाकेला येतो. महादेवची हाक अशी — आधी जिभेच्या दोन टिचक्या, मग लांबवलेला ‘ह्योऽऽ’, आणि शेवटी तो आवाज मध्येच तुटून दातांच्या फटीतून शिट्टीसारखा वर चढायचा. हे मी शब्दांत सांगू शकतो. ऐकू मात्र येत नव्हतं. आणि ही हाक तो कधीही, कुणाच्याही आग्रहाखातर मारत नसे. बंडू तर त्याला सोडायचाच नाही.

“मार की बे म्हाद्या! एवढं काय भाव खायलास?”

“न्हाई. रिकामी हाक मारू न्हाई.”

“रिकामी म्हंजे?”

“म्हंजे हाक मारली की काहीतरी द्यायला पायजे जनावराला. पानी, मीठ, पाला... कायबी. इश्वासावर येतंय बिचारं. एकदा का रिकामं धाडलं, पुन्हा कावून यील?”

एकदा मीच त्याची नक्कल करायला तोंड उघडलं होतं, तर त्यानं पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. हसत ठेवला, पण ठेवला.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे तो बंगला.

बीडहून पालीच्या पुढे घाट चढून गेलं की कपिलधारच्या फाट्याच्या अलीकडे एक कच्चा रस्ता डोंगराकडे आत जातो. त्याच्या टोकाला तो आहे. निजामाच्या अमदानीत कुणा अंमलदारानं शिकारीला आलं की उतरायला म्हणून बांधलेला. काळ्या दगडाची भिंत, तीन बाजूंनी व्हरांडा, उतरतं कौलारू छप्पर, आत एक मोठा हॉल आणि त्याला लागून खोल्या. सध्याच्या मालकानं तो नीट दुरुस्त केला आहे. नळ, दिवे, गाद्या सगळं आहे, आणि सुट्टीला येणाऱ्यांना तो भाड्यानं देतात. जागा चांगली आहे, मालक सज्जन आहेत, म्हणून नाव लिहीत नाही. उगाच त्यांचं गिऱ्हाईक तुटायला नको.

महादेवचं लहानपण त्या बंगल्याच्या कंपाउंडच्या भिंतीबाहेर मेंढरं चारण्यात गेलं. आत कधी कुणी येऊ दिलं नाही. मेंढरांनाही नाही आणि त्यालाही नाही. मधल्या खोलीत छताजवळ भिंतीला एक भोक आहे, जुन्या ओढायच्या पंख्याची दोरी त्यातून बाहेर जायची. महादेवचा पणजोबा मागच्या व्हरांड्यात बसून ती दोरी ओढायचा. साहेब आत झोपलेला, हा बाहेर. “आमच्या चार पिढ्या त्या भिंतीच्या भायेर,” महादेव म्हणायचा. “एकदा पैसे भरून त्या खोलीत दुपारची झोप काढायची. पंखा लावून. हुरडा खाऊन. चौघांनी.” दर संक्रांतीला ठरायचं आणि दर संक्रांतीला कुणाचं तरी काहीतरी निघायचं.

तो गेल्यानंतरच्या थंडीत रफिक एके दिवशी लायब्ररीत आला आणि टेबलावर हात आपटून म्हणाला, “बुकिंग केलंय बंगल्याचं. तू नाही म्हणायचं नाही, यार. नाही म्हटलास तर उचलून नेईन.”

मी नाही म्हटलं नाही.

*

आम्ही तिघं सकाळीच पोचलो. हवा स्वच्छ होती, डोंगरावर गवत वाळून सोनेरी झालेलं. बंडूनं शेतातून ज्वारीची हिरवी कणसं पोतंभर आणली होती. तिघांसाठी एवढी कशाला, म्हटलं तर म्हणाला, “हात आवरलाच न्हाई. चौघांच्या हिशेबानं तोडली.” कंपाउंडच्या कोपऱ्यात गोवऱ्यांची आगटी पेटवली, कणसं भाजली, गरम गरम हातावर चोळून हुरडा काढला. लसणाची चटणी, गूळ, दही. बंडू बडबडत होता, रफिक त्याची खेचत होता.

“बंड्या, तू हुरडा चोळायलास का हात धुवायलास? अर्धा तर खालीच सांडला.”

“खाली सांडलेला मुंग्यांचा. तू तुझं टायर बघ बे.”

खूप दिवसांनी मी हसलो. हे मुद्दाम लिहितो, कारण नंतर एका डॉक्टरांनी मला विचारलं होतं की त्या दिवशी मनःस्थिती फार वाईट होती का. नव्हती. त्या वर्षातली ती सगळ्यात बरी सकाळ होती. आम्ही दारूही प्यायलो नव्हतो. रफिक पीत नाही आणि त्याच्यासमोर आम्ही दोघंही पीत नाही.

बंगल्यासमोर एक ओढा आहे, त्याच्या पलीकडच्या उतारावर मेंढरं चरताना दिसत होती. बंडूनं डोळ्यांवर हात धरून बघितलं. “तुळशीराम आबा हायत. म्हाद्याचा बाप.”

मुलगा गेल्यावर म्हातारा पुन्हा कळपामागे फिरू लागला होता हे मला माहीत होतं. दशक्रियेनंतर मी त्यांना भेटलो नव्हतो. संध्याकाळी उतारावर जाऊन भेटू, असं आम्ही ठरवलं.

जेवण झाल्यावर बंडू पुढच्या व्हरांड्यात बाजेवर फोन घेऊन लवंडला. मी मधल्या खोलीत गेलो. छताजवळ ते भोक होतं, मनगट जाईल एवढं, कडा दोरीनं घासून गुळगुळीत झालेल्या. बाहेरचं ऊन त्यातून आत येऊन समोरच्या भिंतीवर पडलं होतं. मी पलंगावर आडवा झालो. रफिक दारापाशी खुर्ची ओढून बसला आणि दातात काडी घालत म्हणाला, “हीच ना ती खोली?”

“हीच.”

“मग झोप त्याच्या वाटची.”

पंखा फिरत होता, वरचा, विजेचा. मी त्या भोकाकडे बघत होतो. झोप लागल्याचं मला आठवत नाही. डोळे मिटल्याचंही आठवत नाही. ऊन त्या भोकातून आत येत होतं, एवढंच आठवतं. आणि त्याच्या लगेच पुढचं आठवतं ते हे — रफिक भिंतीला पाठ लावून उभा आहे, खुर्ची आडवी पडली आहे, आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला आहे.

मधलं काही नाही. एखाद्या पुस्तकाचं पान कुणी फाडून घ्यावं आणि वाक्य पुढच्या पानावरून सुरू व्हावं, तसं.

तेवढ्यात बंडू धावत आत आला. अनवाणी, डोळे चमकत असलेले, तोंडभर हसू.

“म्हाद्या कुठंय?” तो म्हणाला.

मग त्यानं आमच्याकडे बघितलं. स्वतः काय बोललो हे त्याला तेव्हा कळलं असावं, कारण त्याचं हसू तसंच राहिलं आणि वरचे डोळे बदलत गेले. माणसाचा चेहरा असा दोन भागांत बदलताना मी कधी पाहिला नव्हता.

“काय झालं?” मी विचारलं. म्हणजे विचारायला गेलो. घशातून नुसती खरखर निघाली. घसा आतून सोलवटल्यासारखा झाला होता. गिळवत नव्हतं.

रफिक माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “त्याचा आवाज काढलास तू.”

“कुणाचा?”

“म्हाद्याचा. मेंढरांची हाक. दोनदा टिचक्या, मग ह्योऽऽ करून... कसम से दिलीप, मी तुझ्या तोंडाकडं बघत होतो. डोळे उघडे होते तुझे. त्या भोकाकडं लागलेले. तोंड तुझं हललं अन् आवाज... आवाज त्याचा होता बे! कसा काढलास?”

मी मान हलवली. मी काहीच केलं नव्हतं. मी काहीच ऐकलं नव्हतं.

“मस्करी करतोस?” बंडू ओरडला. “मी भायेर होतो! भायेर! पार डोंगराला लागून माघारी आला आवाज. मला वाटलं, आला ह्यो...” आणि तो तिथेच पलंगाच्या काठावर बसला नि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मी त्यांना समजावणार होतो. काय समजावणार होतो कोण जाणे. पण त्याआधी बाहेरून घुंगरांचा आवाज आला.

*

व्हरांड्यात येऊन बघितलं तर मेंढरं ओढा उतरून येत होती. धावत. कंपाउंडचं गेट आम्ही गाडी आत घेतल्यापासून उघडंच होतं. त्यातून ती आत शिरली, आगटीची राख तुडवत, पायऱ्या चढून, आमच्या पायांमधून वाट काढत हॉलमध्ये, आणि हॉलमधून मधल्या खोलीत. आम्ही अडवलं नाही. अडवायचं सुचलंच नाही. बंडू कडेला सरकला, रफिक एका खांबाला धरून उभा राहिला, आणि मी, का ते माहीत नाही, मेंढरांबरोबर परत आत गेलो. पलंगावर बसलो.

खोली भरली. मागची हॉलमध्ये दाटीनं उभी राहिली. आणि मग ती सगळी गप्प झाली. ज्यांनी मेंढरं पाहिली आहेत त्यांना कळेल मी काय म्हणतो ते. कळप कधी गप्प नसतो. कुणीतरी बेंबाटतं, कुणी शिंकतं, पिलू आईला शोधतं. इथे काही नाही. फक्त श्वास, आणि पंख्याचा आवाज. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. कान फाटलेली एक म्हातारी मेंढी पुढे आली आणि तिनं माझ्या गुडघ्यावर हनुवटी ठेवली. तिचं ओलं नाक पँटला लागलं, ते थंडगार अजून जाणवतं मला. तिची आई मेल्यावर महादेवनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. साळू तिचं नाव. मी तिला एक-दोनदाच पाहिलं होतं. ती मला ओळखत असण्याचं काही कारण नव्हतं.

मला त्या क्षणी भीती वाटली असं म्हणता येणार नाही. भीती वाटायला मागं काही शिल्लक असावं लागतं. मी नुसता बसून होतो.

बाहेर रफिकचा आवाज आला, “आबा, सांभाळून... या, आत या.”

आबा गेटपाशी थांबले होते. धाप लागलेली, खांद्यावरचं घोंगडं एका बाजूनं लोंबत होतं, हातात काठी. कळप आत गेला होता आणि ते गेटच्या रेषेबाहेर उभे. सवयीनंच असेल. मी खिडकीतून बघत होतो. मग त्यांनी काठी गेटला टेकवून ठेवली, पायतण काढलं, आणि आत आले.

हॉलच्या दारात उभं राहून त्यांनी आधी मेंढरांवरून नजर फिरवली, मग आमच्यावरून. कुणालातरी शोधत होते.

“कुठंय त्यो?” ते म्हणाले.

रफिकनं मधल्या खोलीकडे बघितलं.

“हाक कुनी मारली?” आता आवाज चढला. “फोनमधी वाजवली व्हय? म्हाताऱ्याची थट्टा करता का रं? सोन्यासारखी पोरं समजत होतो तुमाला!”

“आबा, फोनमध्ये नाही,” रफिक म्हणाला. “फोनमध्ये असता तर आम्ही तुम्हाला आणून दिला नसता का आधीच?”

हे ऐकून आबा एकदम खाली बसले. हॉलच्या फरशीवर, मेंढरांमध्ये. रफिकनं त्यांच्यासमोर उकिडवं बसून सगळं सांगितलं. पलंग, भोक, माझं तोंड. सांगताना तो रडत होता. आबा ऐकत राहिले, एका मेंढीच्या पाठीवर हात ठेवून.

“मी बी ऐकली,” ते शेवटी म्हणाले. “वड्याच्या पल्याड बसलतो. पाठ हिकडं होती. ऐकली आन् वाटलं, आला सुट्टीला. उठून बी उभा राह्यलो. मग याद आली.”

थोड्या वेळानं ते उठले आणि खोलीत येऊन मेंढरं बघू लागले. एकेकीच्या कानाला हात लावत, कपाळ चाचपत. मग खिडकीशी जाऊन ओढ्यापलीकडे बघितलं आणि तसेच उभे राहिले.

“नवी न्हाई आली,” ते म्हणाले.

उतारावर काही मेंढरं अजून चरत होती. शांतपणे, माना खाली घालून, कुत्र्याच्या राखणीत. मुलगा गेल्यावर आबांनी सिरसाळ्याच्या बाजारातून थोडी मेंढरं आणली होती. त्यांच्या पाठीवर निळ्या रंगाचा ठिपका होता. खोलीत, हॉलमध्ये, व्हरांड्यात, आम्ही चौघांनी बघितलं, निळ्या ठिपक्याचं एकही मेंढरू नव्हतं. जी आली होती ती सगळी महादेवच्या हातची. ज्यांनी ती हाक कधी ऐकली नव्हती त्यांनी मान वर केली नव्हती.

मेंढरं हलत नव्हती. आबांनी त्यांची स्वतःची हाक मारून पाहिली, तरी नाही. तेव्हा ते बंडूला म्हणाले, “काय हाय का रं तुमच्याकडं? हाक मारलीया त्यानं. आता रिकामं धाडायचं न्हाई.”

बंडूला कळायला क्षण लागला. मग तो पळत जाऊन कणसांचं पोतं घेऊन आला. चौघांच्या हिशेबानं तोडलेली कणसं, अर्ध्याहून जास्त उरली होती. “मूठमूठच द्या,” आबा म्हणाले, “जास्तीनं पोट फुगतंय.” मग आम्ही चौघांनी, त्या साहेबाच्या बंगल्यात, हॉलच्या फरशीवर बसून मेंढरांना हातानं हुरड्याची कणसं भरवली. रफिकच्या हातातून एका मेंढीनं कणसाबरोबर शर्टाची बाहीही ओढली आणि तो रडता रडता हसला. “सोड की, टायरवाल्याचा शर्ट आहे, काय चव लागणार तुला!”

माझ्या हातून साळूनं खाल्लं. खाऊन झाल्यावर ती वळली आणि चालू लागली. तिच्यामागे बाकीची. पायऱ्या उतरून, गेटमधून, ओढ्याकडे. जशी रोज जातात तशी, बेंबाटत, रेंगाळत.

आबा मागे राहिले होते. मधल्या खोलीत उभं राहून छताजवळच्या त्या भोकाकडे बघत होते.

“आज्याच्या बोलन्यात लई मोठं वाटायचं. हितनं लई बारीक दिसतंय,” एवढंच म्हणाले, आणि गेले.

आम्ही त्या रात्री मुक्कामाला थांबलो नाही. उन्हं होती तोवर फरशी धुऊन निघालो.

*

पुढे काय काय केलं ते थोडक्यात सांगतो. माझा आवाज कितीतरी दिवस बसलेला होता. घशाच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं आणि विचारलं, प्रचारसभेत होता का? दुसऱ्या एका डॉक्टरांनी, ज्यांना मी सगळं सांगितलं, शांतपणे समजावलं की दुःखात माणूस अर्धवट झोपेत बोलतो, ओरडतो, आणि त्याला ते आठवत नाही. हाक माझ्या डोक्यात कुठंतरी साठवलेली असणार. असेल. मला हे उत्तर आवडलं होतं, मी ते काही दिवस वापरूनही पाहिलं. पण माझे पुढचे दात घट्ट आहेत, शिट्टी मला लहानपणापासून येत नाही, आणि माझा आवाज लायब्ररीच्या दुसऱ्या टेबलापर्यंत पोचत नाही म्हणून मुलं हसतात. त्या दुपारचा आवाज मात्र ओढ्यापलीकडे गेला, डोंगरावरून माघारी आला. बंडूनं ऐकला, रफिकनं ऐकला, जन्मदात्या बापानं ऐकला. मेंढरांनी ऐकला.

मी नाही ऐकला. सबंध वर्ष ज्याला फक्त तेवढंच ऐकायचं होतं त्या एका माणसाला सोडून सगळ्यांनी ऐकला.

मी झोपताना उशाशी फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवायचो. सकाळी ऐकायचो. पंखा, कुत्री, माझं घोरणं. आता ते सोडून दिलं आहे.

उन्हाळ्याच्या तोंडाला मी एकटाच आबांना भेटायला गेलो. ते बंगल्यासमोरच्याच उतारावर एका बोरीखाली बसले होते. आता ते रोज तिथेच चारतात असं कळलं. बोलता बोलता मी विचारलं, “आबा, आवाज कसा होता?”

“त्याचाच.”

“तसं नाही... कसा होता म्हणजे... मला आठवत नाही हो. मी ऐकलाच नाही. तुम्ही सांगा ना.”

“येडा का खुळा तू? आवाज काय सांगता येतोय व्हय?”

“मी करून बघू का? तुम्ही सांगा, बरोबर आहे का ते.” मी खरंच तोंड उघडलं होतं. त्यांनी काठी माझ्या गुडघ्यावर ठेवली.

“रिकामी हाक मारू नगंस.”

मेंढरं खाली चरत होती, जुनी आणि नवी एकत्र. मग आबा माझ्याकडे न बघता बोलू लागले.

“तुला ऐकू आलं न्हाई म्हनून तू झुरायलास. मला आलं ऐकू. पन मी सांगू का दिलीप, मी बी ततंच बसलतो. मला बी गळा हाय. मेंढरं माझी, पोरगं माझं. मग माझ्याकडं कावून न्हाई आला त्यो? तुझ्याकडं कावून?”

मी त्यांच्याकडे वळलो.

त्यांनी हात पुढे केला आणि तळवा माझ्या गळ्यावर ठेवला. आजारी मेंढराचा गळा बघतात तसा, अंगठा एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला. तळवा खरखरीत होता आणि उन्हानं गरम. मी आवंढा गिळला तो त्यांच्या हाताखाली हलला. त्यांनी हात लगेच काढला नाही. डोळे मिटून बसले होते, जणू आत काहीतरी लागतंय का ते बघत होते.

मग हात काढून म्हणाले, “जप ह्याला. गार पानी प्यायचं न्हाई. आन् गळ्याला काहीतरी बांधीत जा.”

तेव्हापासून मी मफलर बांधतो. एप्रिल-मेमध्येही बांधतो. कॉलेजात सगळे हसतात, मुलं विचारतात, सर, ह्या उन्हात मफलर कावून? मी पुस्तक पुढे सरकवतो आणि मफलरची गाठ नीट करतो.